वीरमार्तंड चामुंडराय : समरभूमीपासून शांतिशिखरापर्यंत

जिनमंदिरातील नित्य पूजा संपली की आपण शांतिपाठ म्हणतो. पंचकल्याणक महोत्सवाची सांगता विश्वशांती महायज्ञाने होते. या दोन्ही प्रसंगी आपण जे मागतो ते केवळ आपल्यासाठी वा आपल्या समाजासाठी नसते. सर्व प्रजेचे कल्याण होवो, राज्यकर्ता धर्मनिष्ठ असो, मेघ वेळेवर वर्षोत, रोगराई आणि दुष्काळ क्षणभरही जगात न राहोत, अशी ती व्यापक प्रार्थना असते. जैन धर्माची विश्वशांतीची कल्पना ही अशी रोजच्या पूजेत मिसळून गेलेली आहे. ती नवी नाही आणि कोणाकडून उसनी घेतलेलीही नाही.

हीच प्रार्थना एका भव्य पाषाणात साकार करण्याचे भाग्य ज्या महापुरुषाला लाभले, तो मुनी नव्हता, आचार्यही नव्हता. तो रणांगणात आयुष्य घालविलेला सेनापती होता. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींची मूर्ती उभारणारे वीरमार्तंड चामुंडराय यांचे पुण्यस्मरण आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात करावे, हे सर्वथा उचित होय.

काळ आणि कुल

चामुंडरायांचा काळ इसवी सनाच्या दहाव्या शतकाचा उत्तरार्ध. त्या वेळी दक्षिणेत मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची सत्ता सर्वश्रेष्ठ मानली जाई. तळकाडचे गंग राजे हे त्यांचे निष्ठावंत मांडलिक आणि सोयरे. आपल्या दक्षिण कोकणावर राज्य करणारे शिलाहारही राष्ट्रकूटांचेच मांडलिक होते. शिलाहार राजा रट्टराज याचा इ.स. १००८ चा ताम्रपट आपल्या खारेपाटणला मिळाला. राष्ट्रकूट सत्ता मावळून पस्तीस वर्षे झाली असतानाही त्या ताम्रपटात राष्ट्रकूटांची वंशावळ आदराने नोंदविली आहे. चामुंडरायांनी ज्या साम्राज्यासाठी तलवार चालविली, त्याच साम्राज्याच्या छायेत सह्याद्रीच्या अलीकडची ही किनारपट्टीही नांदत होती. म्हणूनच त्यांचे चरित्र आपल्याला दूरच्या मुलखातील वाटू नये.

चामुंडराय ब्रह्मक्षत्र कुळात जन्मले. त्यांची माता काललदेवी अत्यंत धर्मशील होती. गंग राजा मारसिंह दुसरा आणि त्याच्यामागून आलेला राचमल्ल चौथा या दोघांच्या कारकिर्दीत ते मंत्री व सेनापती होते. राजकारण, रणनीती आणि शास्त्राध्ययन अशा तिन्ही क्षेत्रांत त्यांची गती असामान्य होती.

रणांगणातील कीर्ती

त्यांना मिळालेल्या बिरुदांची यादी दीर्घ आहे. नोळंबांशी गोनूर येथे झालेल्या युद्धातील पराक्रमामुळे ते वीरमार्तंड झाले. उच्चंगीच्या दुर्गावरील विजयाने रणरंगसिंग झाले. समरधुरंधर, वैरिकुलकालदंड, भुजविक्रम ही आणखी काही बिरुदे. प्रत्येक बिरुदामागे एक युद्ध आहे, आणि प्रत्येक युद्धामागे पडलेले शेकडो देह आहेत.

या बिरुदांपैकी एकाशी जरा थांबले पाहिजे. ते बिरुद म्हणजे समरपरशुराम. चामुंडरायांचा धाकटा भाऊ नागवर्मा एका गंगवीराच्या हातून मारला गेला. चामुंडरायांनी त्या वीराला युद्धात ठार करून भावाच्या मृत्यूचा सूड घेतला आणि म्हणून लोक त्यांना समरपरशुराम म्हणू लागले, असा वृत्तांत आहे. पित्याच्या वधाचा सूड घेणाऱ्या परशुरामाची ती आठवण होती. तत्कालीन क्षात्रधर्माच्या दृष्टीने यात गौरवच होता. भावासाठी शस्त्र उचललेला हा पुरुष पुढे कोणाची मूर्ती उभारतो हे पाहताना ही घटना वाचकांनी लक्षात ठेवावी.

याच चामुंडरायांना लोकांनी आणखीही काही नावे दिली होती. ते विनोदानेही असत्य बोलत नसत, म्हणून सत्ययुधिष्ठिर. सम्यक्त्वरत्नाकर, शौचाभरण, गुणरत्नभूषण ही बिरुदे तलवारीने मिळविलेली नव्हेत. एकाच पुरुषाच्या ठायी वीरमार्तंड आणि सत्ययुधिष्ठिर एकत्र नांदत होते.

साम्राज्याचा अस्त

इ.स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूट सत्ता उलथून टाकली. दोन शतकांहून अधिक काळ टिकलेले साम्राज्य पाहता पाहता कोसळले. राजा मारसिंहाने आपला भाचा इंद्र चौथा याला राष्ट्रकूटांच्या गादीवर टिकविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पण तो निष्फळ ठरला. अखेरीस मारसिंहाने राज्यत्याग केला आणि बंकापूर येथे अजितसेन आचार्यांच्या चरणी सल्लेखना स्वीकारून देह ठेवला. त्याच्या पराक्रमाचे व समाधिमरणाचे वर्णन चंद्रगिरीवरील स्तंभलेखात आजही वाचावयास मिळते.

गंग राज्यात गादीसाठी कलह माजला. पांचलदेव नावाच्या सरदाराने स्वतःला राजा म्हणून घोषित केले. त्या अस्थिर दिवसांत राचमल्लाच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहून राज्य सावरण्याचे काम चामुंडरायांनी केले. मनात आणले असते तर अशा वेळी सेनापतीला राजा होणे अशक्य नव्हते. इतिहासात अशी उदाहरणे विपुल आहेत. चामुंडराय मात्र मंत्रीच राहिले.

ज्या इंद्रराजासाठी मारसिंह झटला, त्यानेही पुढे इ.स. ९८२ मध्ये श्रवणबेळगोळ येथेच सल्लेखनेने देहत्याग केला. त्याच्या एक वर्ष आधी विंध्यगिरीवर बाहुबलींची मूर्ती उभी राहिली होती. सार्वभौमत्वाचा शेवटचा वारस ज्या भूमीवर सर्व काही सोडून शांतपणे निजला, तेथून समोरच्या डोंगरावर राज्य जिंकूनही ते सोडणारा राजपुत्र उभा होता.

गुरुचरणी आणि ग्रंथलेखनात

अजितसेन आचार्य हे चामुंडरायांचेही गुरू होते. त्यांच्याबरोबरच सिद्धांतचक्रवर्ती नेमिचंद्र आचार्यांचा सहवास त्यांना लाभला. कर्मसिद्धांतासारखा गहन विषय सुबोध गाथांतून समजावून देणारा गोम्मटसार हा प्राकृत ग्रंथ नेमिचंद्रांनी रचला. त्या ग्रंथाचे नावच चामुंडरायांशी निगडित आहे. गोम्मट हे चामुंडरायांचे घरगुती, लाडके नाव होते. त्यांच्यासाठी रचलेला तो गोम्मटसार, आणि त्यांनी उभारलेला देव तो गोम्मटेश्वर, असे प्रतिपादन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे थोर प्राकृतपंडित डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी केले. गोमटा म्हणजे देखणा. मराठीत आपण आजही गोरागोमटा म्हणतो आणि कोकणच्या बोलीतही हा शब्द अपरिचित नाही. आपल्या मुखातील एक साधा शब्द सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या सेनापतीशी आपले नाते जोडतो.

स्वतः चामुंडरायांनी इ.स. ९७८ मध्ये त्रेसष्ट शलाकापुरुषांची चरित्रे सांगणारे पुराण कन्नड गद्यात लिहिले. ते चामुंडराय पुराण या नावाने प्रसिद्ध असून कन्नड भाषेतील आद्य गद्यग्रंथांत त्याची गणना होते. आचारधर्मावरील चारित्रसार हा संस्कृत ग्रंथही त्यांचाच. मुधोळच्या कासार घराण्यात जन्मलेल्या रन्न या महाकवीला त्यांनी आश्रय दिला. साम्राज्याच्या पतनानंतर अवघ्या पाच वर्षांत, राज्याची घडी पुरती बसलेली नसताना, हा सेनापती पुराण लिहीत होता. त्या पुराणात आदिनाथांच्या दोन पुत्रांची कथाही अर्थातच होती.

बाहुबलीच का?

मूर्तीविषयीची परंपरागत कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पोदनपूर येथे भरत चक्रवर्तीने बाहुबलींची रत्नमय मूर्ती स्थापिली होती, असे काललदेवीने ऐकले आणि तिच्या दर्शनाचा ध्यास घेतला. मातृभक्त चामुंडराय मातेला घेऊन निघाले. वाटेत श्रवणबेळगोळ येथे मुक्काम असता स्वप्नात दृष्टांत झाला. पहाटे चंद्रगिरीवरून त्यांनी समोरच्या डोंगरावर बाण सोडला आणि तेथे मूर्तीची आकृती प्रकट झाली. ही श्रद्धेची कथा. इतिहासाचा दाखला असा की इ.स. ९८१ च्या सुमारास, एका अखंड ग्रॅनाइट शिखरातून कोरलेली, सुमारे ५७ फूट उंचीची, उत्तराभिमुख मूर्ती चामुंडरायांनी प्रतिष्ठित केली. मांड्यांच्या वर तिला मागून कसलाही आधार नाही. पायांशी वारुळे, त्यांतून डोकावणारे नाग, अंगावर चढलेल्या माधवीलता आणि मुखावर अत्यंत सौम्य असे स्मित.

येथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. बाहुबली हे चोवीस तीर्थंकरांपैकी नव्हेत. मग एवढी प्रचंड मूर्ती उभारताना चामुंडरायांनी त्यांचीच निवड का केली?

उत्तर त्या कथेतच आहे. भरताने सहा खंड जिंकले. पण धाकटा भाऊ बाहुबली नमेना. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. तेव्हा सुज्ञ मंत्र्यांनी विचार केला की भांडण दोघा भावांचे आहे, त्यात निरपराध सैनिकांचा संहार कशासाठी? दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन द्वंद्वांनी निर्णय करावा असे ठरले. सैन्ये शस्त्रे खाली ठेवून पाहत राहिली. तिन्ही द्वंद्वांत बाहुबली विजयी झाले. मल्लयुद्धात त्यांनी भरताला दोन्ही हातांनी उचलून धरले. आपटले असते तर सर्व पृथ्वी त्यांची होती. त्यांनी ज्येष्ठ बंधूला हळुवारपणे खाली ठेवले. अपमानाने क्षुब्ध झालेल्या भरताने चक्ररत्न सोडले, तेही बाहुबलींना इजा न करता थांबले. ज्या राज्यासाठी भाऊ भावावर चक्र सोडतो, ते राज्य त्याच क्षणी बाहुबलींनी त्यागले आणि वर्षभर ते कायोत्सर्गात उभे राहिले.

हरलेल्याने शस्त्र ठेवणे हा नाइलाज असतो. जिंकलेल्याने हात आवरणे ही खरी अहिंसा होय. युद्धांत आयुष्य घालविलेल्या, भावाच्या मृत्यूचा सूड घेतलेल्या चामुंडरायांना हा भेद जेवढा कळला असेल, तेवढा तो शस्त्र न पाहिलेल्याला क्वचितच कळेल. भावासाठी मारणारा समरपरशुराम भावाला न मारणाऱ्या बाहुबलींच्या चरणी नतमस्तक झाला. त्या मूर्तीत एका योद्ध्याचे आत्मपरीक्षणही कोरले गेले आहे, असे तिच्यासमोर उभे राहिले की वाटल्यावाचून राहत नाही.

गर्वहरण

मूर्ती पूर्ण झाली, प्रथम अभिषेकाचा दिवस आला. चामुंडरायांनी असंख्य कलश दूध सिद्ध केले होते. परंपरा सांगते की, एवढे भव्य कार्य आपल्या हातून झाले या जाणिवेने त्यांच्या मनाला अहंकाराचा स्पर्श झाला. कलशामागून कलश रिते होऊ लागले; परंतु दुधाची धार मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. सारे चिंताक्रांत झाले. इतक्यात एक दरिद्री वृद्धा पुढे आली. तिच्या हाती गुल्ल नावाच्या फळाच्या करवंटीत थोडेसे दूध होते. लोक हसले, पण आचार्यांच्या अनुज्ञेने तिला संधी मिळाली. तिने भक्तिभावाने ते दूध वाहिले आणि मूर्ती आपादमस्तक न्हाऊन निघाली, डोंगरावरून दुधाचे ओहोळ वाहिले. चामुंडराय उमगले. या वृद्धेला गुल्लकायज्जी म्हणतात. तिची लहानशी मूर्ती आजही गोमटेश्वराच्या समोर, प्रवेशद्वाराबाहेर उभी आहे.

ही आख्यायिका स्मारके उभारणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. शांतीचे स्मारक उभारणाऱ्याच्या मनातही मीपणाचे युद्ध चालूच असते. ते जिंकल्यावाचून अभिषेक पूर्ण होत नाही.

पुसलेला लेख आणि राहिलेली ओळ

विंध्यगिरीवर चामुंडरायांनी एक कोरीव स्तंभही उभारला. त्याला त्यागद ब्रह्मदेव स्तंभ म्हणतात. तेथे ते दानधर्म करीत, अशी परंपरा आहे. त्या स्तंभावर त्यांच्या पराक्रमाचा विस्तृत लेख होता. पुढील काळात दुसऱ्याच एका अधिकाऱ्याने स्तंभाच्या तीन बाजूंवरील अक्षरे घासून काढली आणि तेथे स्वतःचा छोटासा लेख कोरविला. युद्धांच्या यशोगाथेचा बराचसा भाग अशा रीतीने कायमचा नाहीसा झाला.

मूर्तीच्या चरणांजवळील अक्षरे मात्र राहिली. तेथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत, ही मूर्ती चामुंडरायांनी करविली, एवढेच अगदी थोडक्यात नोंदविले आहे. मराठी ओळ नागरी लिपीत आहे. तिच्याखालची दुसरी मराठी ओळ होयसळ सेनापती गंगराजाने बाराव्या शतकात मूर्तीभोवती बांधलेल्या प्राकाराची नोंद करते. पहिली ओळही त्याच सुमारास कोरली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. काहीही असले तरी मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत या ओळींची गणना होते. मराठी भाषकांनी त्या चरणांशी बसून आपल्या मातृभाषेतील ती प्राचीन अक्षरे अवश्य न्याहाळावीत. त्यांत बिरुद नाही, विजयाची गणना नाही, शत्रूचे नाव नाही. करणाऱ्याचे नाव आणि करविण्याचे कर्म, एवढेच आहे.

चंद्रगिरीवरील चामुंडराय बसदी हे त्यांचे आणखी एक सुंदर निर्माण. पुढे त्यांचे पुत्र जिनदेवण यांनी तिच्या वरच्या मजल्यावर पार्श्वनाथांची स्थापना केली. पित्याचा मार्ग पुत्रानेही चालविला.

सहस्र वर्षांचा वारसा

चामुंडरायांनी लावलेल्या या वृक्षाला पुढे अनेक फांद्या फुटल्या. कारकळ येथे १४३२ मध्ये आणि वेणूर येथे १६०४ मध्ये बाहुबलींच्या भव्य मूर्ती उभ्या राहिल्या. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाची परंपराही अखंड राहिली. साधारणपणे बारा वर्षांनी होणाऱ्या या सोहळ्यात जल, नारळाचे पाणी, उसाचा रस, दूध, हळद, चंदन, केशर आणि पुष्पे यांचा अभिषेक होतो. १९८१ मध्ये मूर्तीच्या सहस्राब्दीनिमित्त झालेल्या महामस्तकाभिषेकाला बेळगाव जिल्ह्यातील शेडबाळचे सुपुत्र मुनिश्री विद्यानंदजी यांचे मार्गदर्शन लाभले, आणि तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली. त्यानंतरचे अभिषेक १९९३, २००६ आणि २०१८ साली झाले.

महाराष्ट्रातही हा वारसा रुजला. कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळील बाहुबली येथे १९६३ मध्ये २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठित झाली. घाट चढून जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तिचे दर्शन घेतलेले आहे. तेथे मूर्तीच्या पायथ्याशी आचार्य समंतभद्रांनी उभारलेले गुरुकुल आहे. स्मारकाच्या छायेत मुले शिकतात, हे त्या क्षेत्राचे खरे वैभव. नाशिक जिल्ह्यात मांगीतुंगी येथे गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची मूर्ती डोंगरातून कोरली गेली. २०१६ मध्ये तिचा पंचकल्याणक महोत्सव झाला. अहिंसेची मूर्ती म्हणूनच ती ओळखली जाते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथे भरलेल्या विश्वशांती अहिंसा संमेलनाचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. विंध्यगिरीवर पुत्र आणि मांगीतुंगीवर पिता, अशी ही शांतीची दोन शिखरे आहेत.

आपल्यासाठी बोध

सिंधुदुर्गातील जैन समाज संख्येने अल्प आहे. आपल्याकडे विंध्यगिरी नाही आणि ५७ फुटांची मूर्ती उभारण्याचे सामर्थ्यही नाही. पण गुल्लकायज्जीकडे तरी काय होते? अभिषेकासाठी नारळाचे पाणी लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक परसात माड उभा आहे. साधनांचे अल्पत्व ही अडचण कधीच नव्हती.

अडचण असते ती दुसरीच. विश्वशांती महायज्ञात आपण सर्व जगासाठी शांती मागतो आणि घरी परतल्यावर वडिलोपार्जित जागेवरून, दुकानाच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी अबोला धरतो. सात-बाराच्या उताऱ्यावरील एका नोंदीसाठी दोन पिढ्या न्यायालयाची पायरी झिजवितात. बाहुबलींची कथा देशादेशांतील युद्धाने सुरू होत नाही. ती दोन भावांच्या भांडणाने सुरू होते आणि एका भावाने हात आवरल्याने संपते. क्षमावाणीच्या दिवशी परगावी शंभर ठिकाणी क्षमापत्रे पाठवायची आणि शेजारच्या दारी राहणाऱ्या भावाचे दार मात्र टाळायचे, असे जोवर चालते तोवर आपला अभिषेक मांड्यांखाली उतरला नाही असेच समजावे.

ट्रस्टच्या पन्नास वर्षांचा आनंद साजरा करताना प्रत्येक कुटुंबाने असा एक जुना वाद मिटवावा, एक बंद दार उघडावे. त्याचा शिलालेख कोठे कोरला जाणार नाही. परंतु स्तंभावरील पराक्रमाची अक्षरे पुसली गेली आणि मूर्तीच्या मुखावरील स्मित तसेच राहिले, हे चामुंडरायांच्या चरित्राने आपल्याला दाखवून दिलेच आहे.

त्या वीर, विनम्र, धर्मधुरंधर श्रावकाच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र!